मागच्या सीटवरची ताकाची वाटी

"अर्धा! अहो, अर्धा क्लच म्हटलं मी! सगळा सोडलात तर गाडी माझ्या छाताडावरून जाईल की व्याही!"

बॉनेटमध्ये कमरेपर्यंत बुडालेला माणूस हे ओरडत होता, त्यामुळे तो आवाज त्याचा नसून माझ्या गाडीचाच आहे असं वाटत होतं. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या आमच्या गल्लीत रविवारी सकाळी आपण जागे आहोत हे सहसा कुणी कबूल करत नाही. पण त्या हाकेसरशी समोरच्या बिल्डिंगच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या. मी स्टिअरिंग धरून घामाघूम बसलो होतो. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर टाकलेला, आणि आता क्लच अर्धाच सोडून गाडीला एकाच वेळी 'चल'ही म्हणायचं आणि 'थांब'ही म्हणायचं, अशी ती परीक्षा होती. माझा डावा पाय उभा जन्म विमा कचेरीतल्या टेबलाखाली निवांत राहिलेला. त्याला असली नाजूक कामं कुठून जमणार? त्याने जे काय सोडायचं ते सोडलं आणि इंजिनाने आतल्या आत अशी उडी मारली, की डिकीत कैक वर्षांपूर्वी हरवलेली छत्री आपण होऊन उघडली.

बॉनेटमधून आधी एक टक्कल बाहेर आलं, मग जाड भिंगांचा चष्मा, मग ग्रीसने माखलेली पांढरी मिशी. त्या गृहस्थांनी फडक्याने आधी हातातला पाना पुसला, मग त्याच फडक्याने तोंड पुसलं, आणि गॅलऱ्यांनाही ऐकू जाईल अशा बेताने निकाल दिला.

"माउंटिंग गेली. सगळी. तुमचं इंजिन गाडीला बसवलेलं नाही, व्याही. ते नुसतं ओळखीवर बसलंय."

तर हे माझे व्याही. माझ्या एकुलत्या एका लेकीचे, मनूचे सासरे. मुक्काम बदलापूर. ढिला बोल्ट सहन न होणारा असा दुसरा माणूस परमेश्वराने घडवलेला नाही. घडवला असता तर या दोघांनी मिळून पृथ्वी इतकी आवळली असती, की ती फिरायचीच थांबली असती आणि आपल्याकडे कायमचे दुपारचे दोन वाजून राहिले असते.

एरवी आपल्याकडे व्याही म्हणजे मानपानाचं प्रकरण. त्यांना लोडाला टेकवून बसवायचं, 'घ्या ना' म्हणायचं, त्यांनी 'नको नको' म्हणायचं, आणि दोघांनीही एकमेकांना जपून हसायचं. माझ्या व्याह्यांना लोडाला टेकलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. ते बदलापूरहून स्कूटरवर येतात, दारात थांबून आधी कडीची, बिजागरीची आणि बेलच्या बटणाची विचारपूस करतात, आणि मग वेळ उरला तर माणसांची. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ते जन्मभर मेंटेनन्सचे फोरमन होते. हत्तीएवढाले प्रेस काँक्रीट ओतून जमिनीत बसवायचे आणि ते वर्षानुवर्षं तसूभरही हलणार नाहीत हे बघायचं, हे त्यांचं काम. रिटायर झाले तेव्हा कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. ते त्यांनी घरी असं बसवलंय, की सेल बदलायचा झाला तर भिंत उतरवावी लागेल. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हे दहा-अकराचा पाना ठेवतात. पेन मागितलं तर शेजाऱ्याकडे बोट दाखवतात.

या पान्याखेरीज त्यांच्याकडे आणखी एक शस्त्र आहे. लांब दांड्याचा एक डिसमिस. पण त्याने ते स्क्रू पिळत नाहीत. त्याने ते ऐकतात. डिसमिसचं टोक मशीनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. डॉक्टर छाती तपासतात तसं. मनूला बघायला ही मंडळी आमच्याकडे आली तेव्हा ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि नेमके हे गृहस्थ उठून स्वयंपाकघरात गेले. आम्हाला वाटलं, हात धुवायचे असतील. जाऊन बघतो तर हे आमच्या फ्रिजच्या मागे उकिडवे बसलेले, डिसमिस कॉम्प्रेसरवर, मूठ कानात. बाहेर मुलगी, मुलगा, मुलाची आई, सगळे श्वास रोखून. बऱ्याच वेळाने हे बाहेर आले आणि म्हणाले, "फ्रिज जुना आहे, पण आवाज स्वच्छ आहे. या घरात वस्तू जपतात." मग मुलाकडे वळून, "तुझं काय म्हणणं?" मुलाचं काय म्हणणं असणार? अशा तऱ्हेने माझ्या लेकीचं लग्न ठरलं. ही, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, अजून म्हणतात की पसंत फ्रिज पडला होता, मनू त्याच्याबरोबर गेली. तेव्हापासून तो फ्रिज विकायचा विषय आमच्या घरात निघत नाही.

लग्नात स्टेजवर नवरानवरीसाठी सिंहासनासारख्या दोन खुर्च्या असतात ना, त्यातली मनूची किंचित डुगडुगत होती. माझ्या लक्षात आलं नाही, फोटोग्राफरच्या आलं नाही, खुद्द मनूच्याही आलं नाही. व्याह्यांच्या आलं. रिसेप्शनला लोकांची रांग लागलेली, आहेराची पाकिटं हातात, आणि वरपिता खुर्चीखाली पालथे, फक्त नवे कोरे बूट बाहेर. लोक बुटांकडे बघून हसले, फोटो काढून पुढे सरकले. अल्बममधल्या एका फोटोत ते बूट फार सुंदर आलेत.

जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांचं एकच निदान असतं: "ढिलं आहे, म्हणून वाजतंय." आमचा पंखा, माझा गुडघा, शेजारच्या जोडप्याची भांडणं, नगरपालिकेचा कारभार, सगळं ढिलं आहे म्हणून वाजतंय. मी एकदा म्हटलं, "व्याही, काही गोष्टींना थोडी ढील लागते हो." त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी प्रेसचा बोल्ट चोरताना सापडलो होतो.

एवढं हसून झाल्यावर आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढची कळणार नाही. मनूला पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा तिसरा महिना पुरा व्हायच्या आतच सगळं संपलं. त्याच्या आदल्या दिवशी ती सासऱ्यांबरोबर अंबरनाथला एका नातेवाइकांकडे जाऊन आली होती, रिक्षाने. रस्ता पाइपलाइनसाठी खणलेला होता, रिक्षा चांगलीच आपटत आली. डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं की त्याचा याच्याशी काही संबंध नाही, असं पुष्कळांचं होतं, कुणाची चूक नसते. आम्हाला पटलं.  व्याही मात्र हॉस्पिटलच्या व्हरांड्यात जाऊन बसले. तिथला बाक हलत होता. त्यांनी खिशातून पाना काढला आणि तो आवळला. मग शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. नर्स ओरडायला आली, त्यांचं तोंड बघून परत गेली. त्या दिवशी त्या व्हरांड्यातला एकही बाक ढिला राहिला नाही. मी सगळ्यांना गोष्टी सांगणारा माणूस, पण ही मी कुणाला फारशी सांगत नाही.

म्हणून यंदा मनूला पुन्हा दिवस राहिले तेव्हा आनंदही आम्ही दबक्या आवाजातच केला. मनू तर इतकी धास्तावली, की घराची गॅलरी ही तिची हद्द झाली. डॉक्टर सोडून कुठे जायचं नाही. जेवण चिमणीएवढं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्यात ओटी भरून तिला कॅम्प पाचला आणायचं ठरलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खुशाल न्या, सावकाश न्या. पण प्रवासाचं नाव काढलं की मनू उठून आत जायची. शेवटी एकदा म्हणाली, "येईन तर अप्पांच्या गाडीतून येईन. दुसऱ्या कशात मी बसणार नाही."

अप्पा म्हणजे मी, आणि ती का असं म्हणाली ते मला माहीत होतं. ती गाडी आम्ही मनू शाळेत असताना घेतली. कुठूनही परत येताना ही पोर मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन झोपायची आणि घरी पोचलं तरी उठायची नाही. मी तिला उचलून वर न्यायचो. पण त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. गाडीचा पांढरा रंग भिजवलेल्या साबुदाण्यासारखा झाला, आणि चालताना तिचा प्रत्येक भाग आपापल्या मताने चालू लागला. सिग्नलला उभी राहिली की ती थंडी वाजल्यासारखी कापायची. खड्ड्यात गेली की आपण छताला आणि छत आपल्याला, असं दोन्हीकडून लागायचं. मी आपला गाडी नवी घ्यावी की काय, या विचारात होतो. व्याही म्हणाले, "सूनबाईने गाडी सांगितली आहे. ती गाडी." आणि पुढच्या रविवारी सकाळी माझ्या बॉनेटमध्ये शिरले.

तर इंजिन ओळखीवर बसलंय असा निकाल लागल्यावर त्यांनी दुसरी परीक्षा काढली. हिच्याकडून एक वाटी काठोकाठ ताक मागून घेतलं, पांढरी पँट घालून आले होते, तसेच मागच्या सीटवर जिथे मनू बसणार तिथे बसले आणि वाटी मांडीवर धरून म्हणाले, "चला." मी म्हटलं, "पाणी घ्या की. ताक कशाला?" म्हणाले, "पाणी वाळतं. ताकाचा पुरावा राहतो." आम्ही अंबरनाथच्या नाक्यापर्यंत जाऊन आलो. परत आलो तेव्हा वाटी रिकामी होती आणि व्याह्यांच्या अंगावर चष्म्यापासून मोज्यापर्यंत पुरावा होता.

मग सामान. इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसतं त्यांना माउंटिंग म्हणतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. कॅम्प दोनमध्ये एका सिंधी शेठचं रबराच्या सामानाचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे कारखाना. मिक्सरच्या पायांपासून पिठाच्या गिरणीच्या ठोकळ्यांपर्यंत काय वाट्टेल ते ओतून देतो. शेठने माझ्या गाडीची तयार माउंटिंग काढून काउंटरवर ठेवली. व्याह्यांनी एक उचललं, अंगठ्याने दाबलं आणि परत ठेवलं.

"हे दबतंय."

"रबर है साईं," शेठ म्हणाला, "दबेगा ही ना."

"मला न दबणारं पाहिजे. ते मागे ठेवलंय, ते काळं, ते काय आहे?"

"वो तो चक्की का है. बड़ी चक्की का. आपको कौन सी चक्की में लगाना है?"

"चक्की नाही. गाडी. आमची सून बसणार आहे. सातव्या महिन्यात."

शेठने हातातला चहा खाली ठेवला. "तो फिर नरम लो ना, साईं."

"म्हणूनच कडक पाहिजे," व्याही म्हणाले. "काही म्हणजे काही हलता कामा नये."

शेठने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. शेवटी त्याने गिरणीच्या ठोकळ्यांच्या जातीचं रबर आमच्या मापाने ओतून दिलं, आणि वर आम्हाला चहा पाजला, तो बहुधा सहानुभूतीचा होता. त्याच झपाट्यात व्याह्यांनी नवे शॉकअप घेतले, सस्पेन्शनचे झाडून सगळे रबरी बुश घेतले, आणि स्प्रिंगा अशा घेतल्या, की त्यांच्यावर माझी गाडी सोडून शेजारचा विटांचा टेम्पोही आरामात उभा राहिला असता.

पुढचे काही रविवार माझी गाडी गल्लीत विटांवर आणि व्याही गाडीखाली. जेवायला वर या म्हटलं तर यायचे नाहीत, हात खराब आहेत म्हणायचे. व्याह्यांना गाडीखाली ताट सरकवणारी महाराष्ट्रातली पहिली विहीण म्हणून हिची नोंद व्हायला हरकत नाही. ही वाकून विचारायची, "आमटी वाढू का हो?" आणि खालून गंभीर आवाज यायचा, "उत्तम झालीय, विहीणबाई. मीठ किंचित ढिलं आहे."

काम झालं त्या दिवशी गाडी विटांवरून उतरवली, तर ती उतरल्यासारखी दिसेचना. कोंबडीच्या पायांवर उभी असावी तशी उंच. व्याह्यांनी शेवटचा बोल्ट आवळला, त्याच्यावर आपलं सगळं वजन टाकलं, आणि समाधानाने म्हणाले, "तुमच्या जन्मात आता हे बदलायला नको." मग पुन्हा पांढरी पँट, पुन्हा काठोकाठ ताक, आणि या वेळी थेट बदलापूर, मनूला दाखवायला.

त्या प्रवासाचं वर्णन मी कमी करूनच सांगतो, कारण खरं सांगितलं तर कुणी विश्वास ठेवायचं नाही. इंजिन हललं नाही, हे कबूल. पण इंजिन हलत नाही म्हटल्यावर त्याने आपलं हलणं गाडीला वाटून टाकलं. स्टिअरिंग मधमाश्यांच्या पोळ्यासारखं हातात गुणगुणत होतं. आरशात मागचा एक टँकर तीन दिसत होता. अंबरनाथच्या सिग्नलला पेरू विकणाऱ्याने सहज म्हणून गाडीच्या टपावर हात टेकला आणि विजेचा झटका बसावा तसा मागे घेतला. माझी कवळी स्वतंत्रपणे बोलू लागली होती. आणि त्या नव्या स्प्रिंगा! रस्त्यात कुणी पान थुंकलं असेल तर तेही आम्हाला कळत होतं. मागे व्याही ताठ बसलेले, वाटी मांडीवर, नजर वाटीत. बदलापूरला त्यांच्या दारात गाडी थांबवली, मागे वळून बघितलं. ताक थेंबभर सांडलं नव्हतं. पण वर सुपारीएवढा लोण्याचा गोळा तरंगत होता.

आवाज ऐकून मनू गॅलरीत आली. तळमजल्याची गॅलरी, तिथून वाटी स्पष्ट दिसत होती. ती बघतच राहिली. "बाबा," ती सासऱ्यांना म्हणाली, "हे तुम्ही घरून आणलंत की वाटेत केलंत?" व्याही म्हणाले, "वाटेत झालं." आणि मनू हसली. कठड्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. कित्येक महिन्यांत आम्ही ते हसू ऐकलं नव्हतं. तिने ती वाटी मागून घेतली, लोण्यावर साखर घातली, आणि आमच्यासमोर बोटाने चाटून पुसून खाल्लं. मग पायऱ्या उतरून, आपण होऊन, खाली आली आणि गाडीच्या मागच्या सीटवर बसली. मला वाटलं, जिंकलो.

"चालू करा, अप्पा."

मी चालू केली. आरशात तिचा चेहरा दिसत होता. हसू हळूहळू उतरत गेलं. तिचे दोन्ही हात पोटावर आले.

"अप्पा, बंद करा," ती म्हणाली. "थरथरतंय सगळं. मी नाही येत."

मी बंद केली.  व्याह्यांनी डिसमिस काढला. मनूला नीट उतरवून घेतलं, मला पुन्हा इंजिन चालू करायला सांगितलं, आणि ती बसली होती त्या सीटच्या लोखंडी पट्टीवर टोक टेकवून मूठ कानाला लावली. डोळे मिटले. फ्रिजला लावला होता त्याहून कितीतरी जास्त वेळ. मग म्हणाले, "सगळं हिच्यापर्यंत येतंय. इंजिन, रस्ता, सगळं. मी काही अडवलंच नाही." आणि ते पायरीवर बसले. हातात पाना होता, पण आवळायला काही शोधत नव्हते. तसे बसलेले मी त्यांना त्या व्हरांड्यानंतर पहिल्यांदाच बघत होतो.

मनू त्यांच्याशेजारी बसली. बोटाला लागलेली साखर झटकत, अगदी साधेपणाने म्हणाली, "बाबा, त्या वेळी रिक्षामुळे नव्हतं हो झालं."

ते समोर बघत होते. नजर न वळवता म्हणाले, "बरं."

मग उठले, बॉनेट उघडलं आणि वाकले. मी जवळ गेलो. त्यांचा पाना उलटा फिरत होता. या माणसाला बोल्ट ढिला करताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. सवय नव्हती, त्यामुळे त्यांना जड जात होतं.

पुन्हा कॅम्प दोन. शेठने आम्हाला लांबून येताना बघितलं आणि काही न विचारता तीच तयार माउंटिंग काउंटरवर मांडली. व्याह्यांनी एक उचललं, अंगठ्याने दाबलं. पुन्हा दाबलं.

"दबतंय," ते म्हणाले. या वेळी आवाज वेगळा होता.

"दबेगा ही ना, साईं," शेठ म्हणाला आणि चहा मागवला. गाडीच्या मूळ जातीच्या स्प्रिंगा पण तिथेच शेजारच्या दुकानात मिळाल्या. नवे शॉकअप आणि बुश तेवढे ठेवले. ते चांगले होते. टेम्पोच्या स्प्रिंगा शेजारच्या विटांच्या टेम्पोवाल्याने नेल्या. तो अजून मला वाटेत थांबवून नमस्कार करतो.

ओटी भरून मनूला आणायचा दिवस. मी गाडीत, मनू मागे उशीला टेकून, तिच्या शेजारी ताकाची वाटी नव्हती, कारण व्याही म्हणाले, आता परीक्षा नको. ते स्वतः स्कूटरवर पुढे. त्यांनी आदल्या दिवशी सगळा रस्ता नजरेखालून घातला होता. डावा हात वर म्हणजे खड्डा, डावा पाय बाजूला म्हणजे स्पीडब्रेकर, आणि दोन्ही एकदम म्हणजे काय ते मला अजून माहीत नाही, पण मी थांबत होतो. बदलापूर ते कॅम्प पाच आम्ही अशा गतीने आलो, की अंबरनाथमध्ये एका म्हशीने आम्हाला कंटाळून ओव्हरटेक केलं. मागे पाण्याचा टँकर हॉर्नवर हात ठेवून बसला होता. शेवटी त्याने खिडकीतून मान काढून व्याह्यांना विचारलं, "क्या चाचा, बारात है क्या?"

व्याह्यांनी स्कूटर न थांबवता मान वळवली. "है," म्हणाले. टँकरवाल्याने हॉर्न सोडला आणि घरापर्यंत आमच्या मागे वरातीच्याच चालीने आला. म्हणजे आमच्या गल्लीत शिरलो तेव्हा पुढे स्कूटर, मध्ये गाडी आणि मागे दहा हजार लिटर पाणी, असा थाट होता.

ही भाकरतुकडा घेऊन दारात उभी. मी मागे वळून 'आलं घर' म्हणणार, तर मनू झोपलेली. पाय पोटाशी येत नव्हते, पण ती तसेच घ्यायचा प्रयत्न करून झोपली होती. मी किल्लीला हात लावला तसे व्याही धावत आले आणि खिडकीतून त्यांनी माझं मनगट धरलं. "बंद करू नका. बंद होताना हिसका देईल. उठेल ती." मग मी हळूच उतरलो आणि आम्ही तिघं तसेच गाडीभोवती उभे राहिलो. हिच्या हातात भाकरतुकडा, वर ऊन, समोरच्या गॅलऱ्या पुन्हा भरलेल्या, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. एका काकूंनी तर आपल्या नवऱ्याला हातानेच बोलू नका म्हणून खूण केली. व्याह्यांनी आवाज न करता बॉनेट उघडलं. आत इंजिन आपल्या नव्या रबरावर सावकाश वरखाली होत होतं, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखं. मी व्याह्यांच्या खिशाकडे बघत होतो. त्यांचा हात पान्यापर्यंत गेला, तिथे जरा थांबला, आणि रिकामा परत आला.

"हलू दे," ते म्हणाले.

यथावकाश नात झाली. सुखरूप, आणि आवाजाने बदलापूरच्या आजोबांवर गेलेली. बारशाला घर भरलं होतं, पाळणागीत म्हणणाऱ्या बायका पाळण्याभोवती दाटीने उभ्या होत्या, कुणी गोविंद घ्या म्हणत होतं, कुणी गोपाळ घ्या म्हणत होतं, आणि त्या सगळ्या साड्यांच्या मधून खाली दोन ओळखीचे पाय दिसत होते, या वेळी बुटांशिवाय. मी वाकून बघितलं. व्याही पाळण्याखाली उताणे, कड्यांना तेल लावत होते. आवळत काही नव्हते. मी आजवर त्यांच्यावर इतकं हसलो, इतक्या लोकांना हसवलं; मला वाटलं, निदान आज एक शब्द नीट बोलावा. तिथे खालीच, त्यांच्या कानाशी म्हणालो, "व्याही, तुम्ही जे केलंत ना आमच्या मनूसाठी, ते मी कधी विसरणार नाही."  वर पाळणा झुलत होता. त्यांनी बोटाचं तेल फडक्याला पुसलं.

"रबर आहे," ते म्हणाले. "तीन-चार वर्षांनी बदलावं लागेल."